दुर्बिणीच्या पाठीमागील दोन मिलिमीटर

(ज्ञातीच्या वार्षिक स्नेहसंमेलनात केलेल्या भाषणाचा मजकूर)



या व्यासपीठावरून दरवर्षी आपण शिक्षणनिधीचा हिशेब ऐकतो, गुणी विद्यार्थ्यांचा सत्कार पाहतो आणि वधूवर-सूचक समितीचा अहवाल कान देऊन ऐकतो. यंदा चिटणीसांनी मला अर्धा तास दिला आहे तो एका निराळ्याच विषयासाठी. आजच्या कार्यसूचीवरील सातवा विषय आपण वाचलाच असेल. ज्ञातीच्या विद्यार्थ्यांसाठी २०२१ साली सभासदांच्या देणग्यांतून जी दुर्बीण घेण्यात आली, ती विकून टाकावी असा तो ठराव आहे. ठरावावर मत देण्यापूर्वी त्या दुर्बिणीला झाले होते तरी काय, हे सर्वांस समजावे, एवढ्यासाठी मी उभा आहे. विषय थोडा यंत्राचा आहे. परंतु तांब्या-पितळेवर पिढ्यान्‌पिढ्या हात चालविलेल्या त्वष्टा कासार मंडळींसमोर यंत्राची भाषा बोलण्यास संकोच कशाला?

प्रथम दुर्बिणीची ओळख करून देतो. ती भिंगाची दुर्बीण आहे, आरशाची नव्हे. वस्तुभिंगाचा व्यास ८० मिलिमीटर आणि नाभीय अंतर ४८० मिलिमीटर. म्हणजे अंतराला व्यासाने भागले असता सहा येतात, म्हणून तिला एफ/६ म्हणावयाचे. तिच्या पाठीमागे, डोळा लावण्याच्या जागी, कॅमेरा बसवून मुले ताऱ्यांची व तेजोमेघांची छायाचित्रे घेतात. कॅमेऱ्यापूर्वी नळीत एक लहान भिंगसंच बसवावा लागतो, त्याला फ्लॅटनर म्हणतात. हे नाव आज पुष्कळ वेळा उच्चारावे लागेल, म्हणून ते आताच कानांवर घालून ठेवितो.

पहिल्या हिवाळ्यात मुलांनी साधा डीएसएलआर कॅमेरा लावून काढलेली छायाचित्रे आपण सभागृहाच्या भिंतीवर पाहिली आणि त्यांचे कौतुकही केले. पुढे परदेशस्थ सभासदाने मोठ्या मनाने एक शीतक असलेला खास खगोलीय कॅमेरा पाठविला; आणि आश्चर्य असे की, उत्तम कॅमेरा आल्यावर चित्रे बिघडली! मधले तारे टाचणीच्या टोकासारखे रेखीव, पण चारी कोपऱ्यांतील तारे तांदळाच्या दाण्यांसारखे लांबट. दोन हिवाळे असेच गेले. मग कुजबुज सुरू झाली. कोणी म्हणाले, दुर्बीणच हलक्या प्रतीची दिली. कोणी म्हणाले, पोरांनी ती कुठेतरी आपटली असणार. हे दुसरे वाक्य बोलणाऱ्यांत मीही होतो, हे येथे स्पष्ट सांगितलेले बरे. त्या बोलण्याने एक मुलगा यावयाचा बंद झाला. तो परत आला आहे, परंतु त्याचे एक वर्ष गेले ते गेलेच.

आता दोष कसा उद्भवतो ते पाहू. आपण असे समजतो की, भिंग समोरच्या आकाशाचे चित्र सपाट पडद्यावर उमटविते. तसे होत नाही. भिंगाचे चित्र वक्र पृष्ठावर उमटते. एखादी मोठी परात डोळ्यांपुढे आणा. तिचे तोंड वस्तुभिंगाकडे आहे आणि तारे तिच्या आतल्या अंगावर जडविले आहेत असे समजा. परातीच्या तळमध्याला टेकेल असा एक सपाट पत्रा आत धरला, तर मध्यभागी तो तळाला लागतो, पण कडेला परातीचा काठ त्या पत्र्याच्या वर उचललेला राहतो. कॅमेऱ्यातील सेन्सर हा तो सपाट पत्रा. मध्यावर फोकस जुळविला की कडा फोकसबाहेर जातात आणि कडांवर जुळविला की मध्य बिघडतो. शास्त्रात याला क्षेत्रवक्रता म्हणतात. व्हिएन्नाचे गणिती योझेफ पेट्झव्हाल यांनी १८४३ साली या वक्रतेचा नियम मांडला. त्यापूर्वी १८४० मध्ये त्यांच्याच गणितावरून व्यक्तिचित्रांसाठी प्रसिद्ध असे भिंग तयार झाले होते.

ही वक्रता केवढी, याचा अंदाज साध्या गणिताने येतो. दोन काचांच्या वस्तुभिंगात त्या परातीची त्रिज्या ढोबळ मानाने नाभीय अंतराच्या एकतृतीयांशाच्या आसपास असते. आपल्या दुर्बिणीला ती १६० मिलिमीटर धरा. आपला सेन्सर २३.५ मिलिमीटर लांब व १५.७ मिलिमीटर रुंद. त्याचा कोपरा मध्यापासून १४ मिलिमीटरवर येतो. चौदाचा वर्ग करून त्रिज्येच्या दुपटीने भागले की कोपऱ्यातला फोकस सेन्सरपासून सुमारे ०.६ मिलिमीटर दूर पडतो असे निघते. एफ/६ च्या दुर्बिणीत फोकसची खपून जाणारी चूक पुढेमागे जेमतेम ०.०४ मिलिमीटर, तेव्हा हा फरक तिच्या पंधरापट झाला! अशा कोपऱ्यातील तारा एक दशांश मिलिमीटर व्यासाचा धूसर गोळा होतो, म्हणजे आपल्या कॅमेऱ्याच्या पंचवीस-सव्वीस पिक्सेलएवढा. यात वस्तुभिंगाचा कारागीर चुकलेला नाही. ते भिंगाचे स्वभावधर्म आहेत.

जुन्या लोकांनी यावर तोडगे काढले ते मोठे मनोरंजक आहेत. १८८७ साली पॅरिसच्या परिषदेत साऱ्या आकाशाचा छायाचित्र-नकाशा करावयाचे ठरले आणि जगातील वेधशाळांनी आकाशाचे पट्टे वाटून घेतले. त्यांपैकी एक पट्टा हैदराबादच्या निजामिया वेधशाळेकडे आला; मराठवाडा तेव्हा त्याच संस्थानात होता, म्हणून हे नाव आपल्याला अगदीच परके नाही. त्या नकाशासाठी ठरविलेल्या दुर्बिणीचे नाभीय अंतर सुमारे ३.४३ मीटर आणि एका काचपट्टीवर आकाशाचे क्षेत्र अवघे दोन अंश लांब व दोन अंश रुंद. क्षेत्र लहान ठेवावयाचे, कडा बिघडण्याच्या आत थांबावयाचे, हा पहिला तोडगा. दुसरा तोडगा पालोमार येथील ४८ इंची श्मिट दुर्बिणीत दिसतो. १९४९ पासून तिने उत्तर आकाशाचे सर्वेक्षण केले ते चौदा इंची पातळ काचपट्ट्या साच्यात वाकवून! चित्र सपाट होत नाही ना, मग पट्टीच वक्र करा. आपल्या मंडळींना ही युक्ती फार आवडावी. पत्रा साच्यावर बसवून बाक देण्याचेच हे काम.

परंतु आजचा सेन्सर सिलिकॉनचा आहे. तो आपण वाकवू शकत नाही. आणि गंमत पाहा, आपल्या या हातभर दुर्बिणीवर तो कॅमेरा लावला की २.८ अंश लांब व १.९ अंश रुंद असे आकाश एका चित्रात येते, म्हणजे पॅरिसच्या त्या मोठ्या दुर्बिणींच्या एका पट्टीहूनही थोडे अधिकच! म्हणून आपल्याला तिसरा तोडगा लागतो. चार्ल्स पियाझी स्मिथ या स्कॉटलंडच्या राजज्योतिष्यांनी १८७० नंतरच्या दशकात तो सुचविला: चित्र उमटण्याच्या जागेच्या जरा अलीकडे एक अंतर्गोल भिंग ठेवावे, म्हणजे ते परातीची वक्रता उलट बाजूने काढून टाकते. आजचा फ्लॅटनर हा त्याच कल्पनेचा वंशज. आपण ताटाचा तळ मठारून सपाट बसता करतो ना, तसेच हे प्रकाशाचे मठारकाम समजा.

आता मुद्द्याची गोष्ट. फ्लॅटनर सेन्सरपासून ठराविक अंतरावरच काम करतो. तिरपे येणारे किरण त्याच्या काचेवर मध्यापासून किती दूर पडावेत हे त्या अंतरावर ठरते, आणि काचेचे बाक त्याच हिशेबाने घासलेले असतात. अंतर चुकले की दुरुस्ती कमी तरी पडते किंवा अधिक तरी होते.

येथे एक घोटाळा जवळजवळ प्रत्येकजण करतो. मुलांनीही केला, मीही केला. फोकस आणि हे अंतर यांना एकच समजले जाते. फोकसचे चाक फिरविले की फ्लॅटनर आणि कॅमेरा दोन्ही मिळून, जोडीने, पुढेमागे सरकतात. त्यांच्यामधील अंतर तसूभरही बदलत नाही. म्हणजे फोकसने चित्राचा मध्य सुधारतो, पण कोपरे सुधारावयाचे तर या दोहोंमधील कड्याच बदलाव्या लागतात. मुलांनी दोन हिवाळे रात्र-रात्र जागून फोकसचे चाक फिरविले. त्या चाकाने जे होणे शक्यच नव्हते ते करून दाखविण्याचा त्यांचा प्रयत्न होता! फोकसला शतांश मिलिमीटरची नजर लागते. हे अंतर अर्ध्या मिलिमीटरच्या आत बसले तरी बहुधा पुरते. पण ते बसलेले असावे लागते.

हे अंतर किती? फ्लॅटनरबरोबर आलेल्या कागदावर ५५ मिलिमीटर असे छापले होते. जगातील बहुतेक फ्लॅटनरांच्या कागदांवर हाच आकडा असतो. हा आकडा आला कोठून? जपानच्या तामरॉन कंपनीने १९५७ साली निरनिराळ्या कॅमेऱ्यांना एकच भिंग बसावे म्हणून जी जोडकडी काढली, तिच्यात कडीच्या तोंडापासून फिल्मपर्यंतचे अंतर ५५ मिलिमीटर धरले होते. कॅनन डीएसएलआरच्या तोंडापासून सेन्सर ४४ मिलिमीटरवर असतो, म्हणून त्याची कडी ११ मिलिमीटरची; निकॉनचा ४६.५ वर, म्हणून त्याची ८.५ ची. बेरीज दोहोंची सारखीच. म्हणजे ५५ ही मूळची कॅमेऱ्यांच्या सोयीची रूढी आहे, आणि पुढे फ्लॅटनर बनविणाऱ्यांनी आपली भिंगे तिच्याभोवती आखली. एकच फ्लॅटनर जेव्हा ४०० पासून ६०० मिलिमीटरपर्यंतच्या सर्व दुर्बिणींना चालेल म्हणून विकला जातो, तेव्हा त्या प्रत्येक दुर्बिणीची परात निराळ्या बाकाची असूनही अंतर मात्र एकच, हे मनाला पटण्यासारखे आहे काय? म्हणून ५५ हा आकडा आरंभ करण्यास उत्तम. पण शेवटचा शब्द म्हणून तो घेऊ नये.

(ज्यांच्या घरी आरसा नसलेले नवे कॅमेरे आहेत त्यांनी लक्षात ठेवावे की, सोनीच्या ई तोंडापासून सेन्सर १८ मिलिमीटरवर आणि निकॉनच्या झेड तोंडापासून १६ वर असतो, म्हणून त्यांना अनुक्रमे ३७ व ३९ मिलिमीटरच्या नळ्या लागतात. जुनी कडी तशीच लावली तर चित्र कधी सुधारणार नाही.)

देणगीदाखल आलेल्या कॅमेऱ्याच्या तोंडापासून सेन्सर १७.५ मिलिमीटरवर आहे. मुलांनी त्यावर २१ व १६.५ मिलिमीटरच्या कड्या चढविल्या. बेरीज बरोबर ५५. हिशेबात चूक नाही. पण शहराच्या दिव्यांचा उजेड कापण्यासाठी त्यांनी मध्ये २ मिलिमीटर जाडीची एक गाळणी काच घातली, ती हिशेबात धरली गेली नाही. काचेतून जाताना प्रकाशाचा फोकस काचेच्या जाडीच्या सुमारे एकतृतीयांश मागे ढकलला जातो. दोन मिलिमीटरच्या काचेला ०.७ मिलिमीटर. म्हणजे कागदाप्रमाणेच वागावयाचे झाले तरी आपल्याला ५५.७ हवे होते. शिवाय त्या फ्लॅटनरला आपल्या ४८० मिलिमीटरच्या दुर्बिणीवर मुळातच छापील आकड्याहून थोडे अधिक अंतर हवे होते, ते पुढे कळले.

ते कळले कसे? मागच्या दिवाळीनंतर एका रविवारी मुलांनी बिघडलेली चित्रे माझ्या कारखान्यात आणून दाखविली. मी मोठ्या माणसाच्या थाटात वस्तुभिंगाच्या खिळ्यांविषयी बोलू लागलो. आपल्या ज्ञातीतील अकरावीत शिकणारी एक मुलगी शेजारी उभी होती. ती म्हणाली, "काका, भिंग आपटलं असतं तर सगळे दाणे एकाच बाजूला कलले असते ना? हे तर चारी कोपऱ्यांतून मधोमध बघताहेत." मी चष्मा पुसून पुन्हा पाहिले. खरोखरच वरच्या डाव्या कोपऱ्यातील दाणा उजवीकडे खाली रोखलेला, खालच्या उजव्या कोपऱ्यातील डावीकडे वर. चाकाच्या आऱ्यांसारखे सर्व तारे मध्याकडे तोंड करून होते.

हे निरीक्षण लाख मोलाचे होते. काचेतून तिरपा गेलेला प्रकाश एका बिंदूत जमत नाही. थोडा अलीकडे एका रेषेत आणि थोडा पलीकडे तिला काटकोनातील दुसऱ्या रेषेत जमतो. चष्म्याच्या नंबरात ज्याला सिलिंडर म्हणतात त्याच जातीचा हा दोष. दोन रेषांपैकी एक मध्याकडे रोखलेली असते आणि दुसरी मध्याभोवती आडवी, बांगडीच्या तुकड्यासारखी. म्हणून ताऱ्याच्या आकारावरून आपण कोणत्या बाजूला चुकलो ते समजते. प्रचलित फ्लॅटनरांचा अनुभव असा की, आऱ्यांसारखे तारे दिसले तर सेन्सर फार जवळ आहे, अंतर वाढवावे. बांगडीसारखे वळलेले दिसले तर सेन्सर फार दूर आहे, अंतर कमी करावे. काही भिंगांची रचना याच्या उलटही असते. म्हणून एक मिलिमीटर घालून पाहावे आणि चित्रालाच विचारावे.

सर्वच लांबट तारे अंतराच्या चुकीचे नसतात. चित्राच्या मध्यापासून कडेपर्यंत सारे तारे एकाच दिशेला ताणलेले असतील तर दुर्बिणीखालचे यंत्र ताऱ्यांमागून नीट फिरत नाही. एकच कोपरा किंवा एकच बाजू बिघडली असेल तर काहीतरी तिरपे बसले आहे. ध्रुवाकडे अक्ष नीट रोखलेला नसेल तर दीर्घ चित्रात तारे बांगडीसारखे वळतात आणि अंतर जास्त झाल्याचा भास होतो. म्हणून कसोटीची चित्रे दहा-पंधरा सेकंदांचीच घ्यावीत.

आम्ही जानेवारीतील अमावास्येच्या सुमारास वेल्हे तालुक्यातील एका सभासदाच्या शेतावर गेलो. मिथुन राशीतील एम ३५ हा तारकागुच्छ त्या महिन्याच्या अखेरीस रात्री दहाच्या सुमारास आपल्याकडे जवळजवळ डोक्यावर येतो. डोक्यावरचे क्षेत्र मुद्दाम घेतले. दुर्बीण सरळ वर असली म्हणजे मागचा जड कॅमेरा नळीत उभा लोंबतो, एका बाजूला झुकत नाही. आणि माथ्यावर हवेचा थरही कमी. शिवाय तेथे तारे दाट आहेत, त्यामुळे कोपरे रिकामे राहत नाहीत.

मी लेथवर एक-एक मिलिमीटर जाडीच्या तीन पितळी चकत्या कातून नेल्या होत्या. प्रत्येकीच्या दोन्ही बाजू एकमेकींना समांतर आहेत हे मायक्रोमीटरने ठिकठिकाणी पाहून घेतले होते. त्या मुलीने वहीत रकाने आखले. पद्धत अशी: चकती घालावयाची, फोकस पुन्हा जुळवावयाचा, कारण कॅमेरा मागे गेला की तो सुटतोच, फोकस डोळ्यांच्या अंदाजाने न जुळविता बाहतिनोव्ह जाळीने जुळवावयाचा. २००५ साली पावेल बाहतिनोव्ह यांनी काढलेली ही साधी खाचांची चकती दुर्बिणीच्या तोंडावर ठेविली की ताऱ्याभोवती तीन रेषा उमटतात, आणि मधली रेषा बरोबर मध्ये आली की फोकस जुळला. मग जाळी काढून पाच चित्रे घ्यावयाची. एकच चित्र घेतले तर वाऱ्याची झुळूक खोटी साक्ष देते. पाचांपैकी बरे वाटेल ते निवडू नये, पाचही पाहावीत.

५५ वर आऱ्या. ५६ वरही आऱ्या, पण आखूड. ५७ वर चारपैकी तीन कोपऱ्यांत तारे गोल झाले! मुलांनी आरडाओरडा केला, शेजारच्या वाडीतील कुत्री जागी झाली. मी म्हटले, थांबा, ५८ पाहिल्याशिवाय ५७ खरे मानावयाचे नाही. ५८ वर तेच तारे आडवे वळले, बांगडीचे तुकडे दिसू लागले. म्हणजे उत्तर दोहोंच्या अलीकडे पलीकडे कोठेतरी अडकले. नंतर अर्ध्या मिलिमीटरच्या चकतीने ५६.५ आणि ५७.५ करून पाहिले. ५७ सर्वांत सरस. घरी आल्यावर सिरिल या विनामूल्य सॉफ्टवेअरमध्ये चित्राचे मध्य, कडा व कोपरे असे नऊ तुकडे शेजारी-शेजारी लावून पाहिले तेव्हाही तोच निकाल. कागदावरील ५५ आणि आपल्या दुर्बिणीचे ५७. दोन मिलिमीटर, म्हणजे आपल्या जुन्या भाषेत एक सूतही नव्हे.

चौथा कोपरा मात्र हट्टाने लांबटच राहिला. तेव्हा कॅमेरा नळीत पाव फेरी फिरवून पुन्हा चित्र घेतले. बिघडलेला कोपरा चित्रात त्याच जागी राहिला तर दोष कॅमेऱ्याबरोबर फिरतो आहे. जागा बदलली तर दोष दुर्बिणीकडे. तो त्याच जागी राहिला. म्हणून कॅमेऱ्याकडील कड्या एकेक सोडवून पाहिल्या. २१ मिलिमीटरच्या विकतच्या कडीच्या टेकण्याच्या काठावर रंगाचा एक फुगीर थेंब वाळून बसला होता, नखाला जेमतेम लागेल एवढा. कडी त्यावर टेकून एका बाजूला उचलली जात होती. तो काठ मी दुसऱ्या दिवशी साफ केला. कड्या घेताना त्यांच्यावर छापलेली लांबी वाचून समाधान मानू नये. व्हर्निअर कॅलिपरने तीन जागी मोजावी आणि काठ बोटाने चाचपावा. मोजताना बाहेर दिसणाऱ्या आट्यांची लांबी धरू नये, कारण ते आटे पुढच्या कडीत शिरतात. खांद्यापासून खांद्यापर्यंत मोजावे.

आणखी एक गोष्ट कारागीर म्हणून सांगतो. साध्या चकत्या कसोटीपुरत्या ठीक. दोन मिलिमीटरची चकती कायमची घातली की तेवढे आटे धरावयाचे राहतात. या कड्यांचे आटे ०.७५ मिलिमीटर अंतराचे आणि खोली तीन-चार मिलिमीटर, म्हणजे सव्वा ते पावणेतीन फेऱ्यांवर हजारो रुपयांचा कॅमेरा लोंबकळत राहावयाचा! म्हणून मी अखेरीस ४८ मिलिमीटर व्यासाच्या आट्यांची, एका अंगाला बाहेरून व एका अंगाला आतून आटे असलेली, दोन मिलिमीटरची पितळी कडी कातून दिली. ॲल्युमिनियमच्या कड्या एकमेकींत थंडीत आवळून बसतात. पितळ व ॲल्युमिनियम तसे सहसा अडकत नाहीत. कडीला आतून काळा रंग दिला आहे, नाहीतर चमकत्या पितळेवरून उजेड उडून चित्रात कडे उमटते.

चित्राचा आकारही लहान करणारा फ्लॅटनर, ज्याला रिड्यूसर म्हणतात, तो घेण्याचे काही मुलांच्या मनात आहे. त्यांना एवढेच सांगतो की, तो अंतराच्या बाबतीत याहून तिखट असतो. त्यात अंतर बदलले की नाभीय अंतरही बदलते. एक फायदा मात्र आहे. चित्रातील ताऱ्यांच्या स्थानांवरून संगणक खरे नाभीय अंतर काढून देतो. ते ठरलेल्या आकड्याशी जुळले नाही तर कड्यांत चूक आहे हे घरबसल्या समजते. फ्लॅटनर वस्तुभिंगाबरोबरच नळीत कायमचा बसविलेल्या दुर्बिणीही मिळतात, त्यांना ही मोजमापे लागत नाहीत. त्या महाग आहेत. आणि आपल्याला लेथ आहे.

अध्यक्षमहाराज, फेब्रुवारी व मार्चमध्ये काढलेली चित्रे सभागृहाच्या मागच्या भिंतीवर लावली आहेत. भोजनापूर्वी सर्वांनी जवळ जाऊन कोपरे पाहावेत. मध्य पाहू नये, मध्य पूर्वीही चांगलाच होता. ज्यांनी दुर्बीण आपटल्याचा आळ घेतला होता त्यांच्या वतीने त्या मुलाची मी येथे क्षमा मागतो; तो तिसऱ्या रांगेत बसला आहे. विक्रीचा सातवा विषय ठराव मांडणाऱ्या सभासदांनी मागे घ्यावा, ही माझी विनंती आहे.

पितळी कडी दुर्बिणीच्या पेटीत लाल कापडाच्या पिशवीत ठेविली आहे. पेटीच्या झाकणाच्या आतल्या अंगाला '२ मिमी गाळणीसह ५७.० मिमी, गाळणी काढल्यास ५६.३' असे त्या मुलीच्या अक्षरात लिहून चिकटविले आहे. गाळणीविना ५६.३ हा आकडा अजून गणितापुरताच आहे, आकाशावर तपासलेला नाही. तो येत्या अमावास्येला तपासावयाचा आहे. गाडीत चार जागा रिकाम्या आहेत. ज्यांना यावयाचे असेल त्यांनी चिटणीसांकडे नाव द्यावे आणि कानटोपी बरोबर आणावी.